वेळापत्रकातली भाऊबंदकी

१९८५-८६च्या हंगामात बफेलोच्या आइस हॉकी संघानं ८० सामन्यांतून ८० गुण मिळवले आणि साखळी सामने संपताच खेळाडूंनी किट आवरून घर गाठलं. त्याच हंगामात टोरोंटोचा संघ ४८ सामने हरला, त्याच्या खात्यावर जेमतेम ५७ गुण जमले, आणि तो थाटात प्लेऑफ खेळायला गेला. नुसता गेला नाही, तर शिकागोला ओळीनं तीन सामन्यांत हरवून आला. व्हँकुव्हरलाही ५९ गुणांवर प्लेऑफची दारं उघडी होती. गुणतक्ता पाहणाऱ्याला वाटावं की छापताना आकड्यांची अदलाबदल झाली. तसं काही नव्हतं. टोरोंटो नॉरिस डिव्हिजनमध्ये होतं, व्हँकुव्हर स्माइद डिव्हिजनमध्ये, आणि बफेलोच्या नशिबी आली होती अ‍ॅडम्स डिव्हिजन.

नॅशनल हॉकी लीगमध्ये तेव्हा २१ संघ होते आणि त्यांच्या चार डिव्हिजन. प्रत्येक डिव्हिजनमधले पहिले चार प्लेऑफला जायचे. शेजारच्या डिव्हिजनमध्ये कुणाला किती गुण पडले याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. अ‍ॅडम्समध्ये संघ पाच: बोस्टन ब्रुइन्स, मॉन्ट्रिऑल कॅनेडियन्स, बफेलो सेबर्स, क्युबेक नॉर्डिक्स आणि हार्टफोर्ड व्हेलर्स. म्हणजे ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत ८० सामने खेळायचे ते पाचातला एक गाळण्यासाठी. त्या वर्षी पहिल्या आलेल्या क्युबेकचे गुण होते ९२. विजयाला दोन गुण मिळतात, त्यामुळे पहिल्या आणि पाचव्या संघात अंतर होतं फक्त सहा विजयांचं.

या डिव्हिजनबद्दल कॅनडात आणि अमेरिकेच्या ईशान्य भागात आजही बोललं जातं ते तिथल्या वैरामुळं. वैराची कारणंही सांगितली जातात: फ्रेंच विरुद्ध इंग्रजी, क्युबेक प्रांताचं राजकारण, दोन बिअर कंपन्यांची स्पर्धा, बोस्टन-मॉन्ट्रिऑलचा जुना हिशेब. ती सगळी खरी आहेत. पण माझ्या मते ती सरपण होती. आग लावली ती वेळापत्रकानं. १९८१ साली लीगनं डिव्हिजनची फेरमांडणी केली, आणि पाचातला प्रत्येक संघ उरलेल्या चौघांशी हंगामात आठ-आठ सामने खेळू लागला. बाहेरच्या सोळा संघांच्या वाट्याला प्रत्येकी तीनच. त्यावर प्लेऑफच्या पहिल्या दोन फेऱ्याही डिव्हिजनच्या आतच. सात सामन्यांची मालिका रंगली तर एकाच वर्षात तेच दोन संघ पंधरा वेळा समोरासमोर. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. शेताचा बांध सामाईक असलेल्या चुलतभावांची जी गत होते ती इथं झाली. भांडणाला विषय शोधावा लागत नव्हता, कारण उद्या पुन्हा त्याच बांधावर भेट ठरलेली.

*

अ‍ॅडम्स हे नाव चार्ल्स अ‍ॅडम्स यांचं. जन्म व्हर्मॉंटमधला, सुरुवात किराणा दुकानातल्या पोऱ्यापासून, आणि पुढं फर्स्ट नॅशनल स्टोअर्स या दुकानांच्या साखळीचे मालक. १९२४ साली त्यांनी बोस्टन ब्रुइन्स हा संघ उभा केला. लीगमधला हा पहिला अमेरिकी संघ, त्याआधी सगळे कॅनडाचे. अ‍ॅडम्सच्या दुकानांचे रंग तपकिरी आणि पिवळा होते, म्हणून संघालाही तेच मिळाले. खेळाडूंच्या अंगावर किराणा दुकानाचे रंग चढवणारा हा माणूस व्यवहाराला पक्का असणार, हे सांगायला नको.

त्यांचं नाव डिव्हिजनला मिळालं ते १९७४ साली. लीग १८ संघांची झाली होती, तिचे चार भाग करायचे होते, आणि भागांना पूर्व-पश्चिम अशी दिशांची नावं न देता जुन्या कारभाऱ्यांची द्यायचं ठरलं: नॉरिस, पॅट्रिक, स्माइद आणि अ‍ॅडम्स. नावांत भूगोल नव्हता तसा मांडणीतही नव्हता. मॉन्ट्रिऑल आणि लॉस एंजेलिस एका डिव्हिजनमध्ये, मध्ये सुमारे चार हजार किलोमीटर. अ‍ॅडम्समध्ये बोस्टन, बफेलो, टोरोंटो आणि चौथा कॅलिफोर्निया गोल्डन सील्स, म्हणजे पार पॅसिफिकच्या काठावरच्या ओकलंडचा. अशा मांडणीत वैर कसं पिकणार?

या काळातले किस्से मात्र झकास आहेत. १९७४च्या उन्हाळ्यातली नव्या खेळाडूंची निवड लीगनं फोनवरून, गुपचूप आणि अतिशय रटाळपणे चालवली होती. बफेलोचे सरव्यवस्थापक पंच इमलाक कंटाळले आणि अकराव्या फेरीत त्यांनी टोकियो कटानाज संघाच्या तारो त्सुजिमोतोला निवडलं. लीगनं नाव नोंदवून घेतलं. असा खेळाडू नव्हता, असा संघही नव्हता. आडनाव टेलिफोन डिरेक्टरीतून उचललेलं. खुलासा झाल्यावर लीगनं निवड रद्द केली, पण बफेलोचे प्रेक्षक पुढं कित्येक वर्षं ‘आम्हाला तारो हवा’ म्हणून ओरडत राहिले.

त्याच हंगामात बफेलोनं ११३ गुणांसह अ‍ॅडम्स जिंकली आणि लीगच्या विजेतेपदाच्या, म्हणजे स्टॅनले कपच्या, अंतिम मालिकेपर्यंत मजल मारली. २० मे १९७५चा तिसरा सामना बफेलोच्या मेमोरियल ऑडिटोरियममध्ये होता. तिथं वातानुकूलन नव्हतं आणि मे महिन्याचा उकाडा. खाली बर्फ, वर गरम दमट हवा, त्यामुळं रिंकवर धुकं दाटलं. खेळ थांबवून खेळाडूंना गोल गोल स्केटिंग करायला लावत, म्हणजे धुकं थोडं हटे. त्यातच छतातून एक वटवाघूळ खाली घिरट्या घालू लागलं आणि बफेलोच्या जिम लोरेंझनं ते स्टिकनं मारलं. सामना बफेलोनं ओव्हरटाइममध्ये जिंकला, मालिका फिलाडेल्फियानं.

गोल्डन सील्स १९७६ साली ओकलंडहून क्लीव्हलंडला गेले आणि बॅरन्स झाले, १९७८ साली मिनेसोटाच्या संघात विलीन झाले, आणि अ‍ॅडम्समधली त्यांची जागा मिनेसोटाला मिळाली. या संघाबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं काही घडलं नाही.

*

खरी गोष्ट सुरू होते ती १९७९मध्ये, आणि ती बिअरपासून.

सत्तरच्या दशकात वर्ल्ड हॉकी असोसिएशन नावाची प्रतिस्पर्धी लीग निघाली होती. ती पैशाअभावी गुंडाळायची वेळ आली तेव्हा तिचे चार संघ मोठ्या लीगमध्ये घ्यायचे की नाही यावर मार्च १९७९मध्ये मतदान झालं: क्युबेक, हार्टफोर्ड, एडमंटन आणि विनिपेग. १७ पैकी १३ मतं हवी होती, पडली १२. विरोधात मत देणाऱ्यांत मॉन्ट्रिऑल होतं, आणि मॉन्ट्रिऑलची मालकी मोल्सन या बिअर कंपनीकडे. क्युबेकच्या संघामागं होती कार्लिंग ओकीफ, मोल्सनची कट्टर स्पर्धक. क्युबेक, एडमंटन आणि विनिपेगमध्ये लोकांनी मोल्सन पिणं बंद केलं. कॅनडाच्या संसदेनंही विलीनीकरणाच्या बाजूनं ठराव केला. दोन आठवड्यांच्या आत पुन्हा मतदान झालं, मॉन्ट्रिऑलनं आणि व्हँकुव्हरनं मत फिरवलं, आणि १४ विरुद्ध ३ नं चारही संघ आत आले. तत्त्वं काहीही असोत, खप घसरला की मन वळतं.

क्युबेक शहर आणि मॉन्ट्रिऑल एकाच प्रांतात, अडीचशे किलोमीटरवर. मॉन्ट्रिऑल महानगर, द्विभाषिक, व्यापारी. त्याच्या नावावर लीगमधले सर्वाधिक कप. क्युबेक छोटं, जुनं, जवळजवळ सगळं फ्रेंच बोलणारं, प्रांताची राजधानी. नॉर्डिक्सच्या निळ्या जर्सीवर प्रांताच्या झेंड्यातली लिलीची फुलं होती. तो काळही असा की मे १९८०मध्ये प्रांतानं कॅनडापासून वेगळं व्हायचं का यावर सार्वमत घेतलं आणि सुमारे ६० टक्क्यांनी नाही म्हटलं. जर्सीवरची फुलं अशा वेळी नुसती शोभेची राहत नाहीत.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नॉर्डिक्सचे अध्यक्ष मार्सेल ओब्यू ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला पोचले. चेकोस्लोव्हाकियाचा ब्रातिस्लाव्हा संघ तिथं खेळायला आला होता. पीटर आणि अँटन स्टास्ट्नी हे दोन भाऊ आणि पीटरची गरोदर बायको रातोरात गाडीतून व्हिएन्नाला आणि तिथून कॅनडाला निघून आले. थोरला मारियान मागं राहिला, तो वर्षभरानं आला. पीटरनं पहिल्याच हंगामात वैयक्तिक १०९ गुण (गोल अधिक गोलासाठी दिलेले पास) कमावले, आणि त्या दशकात वेन ग्रेट्स्की सोडला तर त्याच्याइतके गुण कुणीच मिळवले नाहीत. लोखंडी पडद्याआडचा एक स्लोव्हाक क्युबेकच्या फ्रेंच अस्मितेचा नायक झाला, हे मला या साऱ्या कथेतलं सर्वांत लोभस वळण वाटतं.

तोवर क्युबेक अ‍ॅडम्समध्ये होतं आणि मॉन्ट्रिऑल नॉरिसमध्ये. बांध सामाईक नव्हता. १९८१मध्ये भूगोल पाहून फेरमांडणी झाली, टोरोंटो आणि मिनेसोटा पश्चिमेला गेले, मॉन्ट्रिऑल आणि हार्टफोर्ड अ‍ॅडम्समध्ये आले. पहिल्याच प्लेऑफमध्ये, एप्रिल १९८२ला, पाच सामन्यांच्या मालिकेतला पाचवा सामना मॉन्ट्रिऑल फोरममध्ये बरोबरीत संपला. ओव्हरटाइम सुरू होऊन अवघे २२ सेकंद झाले असतील, क्युबेकच्या डेल हंटरनं गोल केला. मॉन्ट्रिऑलचा हंगाम त्यांच्याच घरात, त्यांच्याच प्रांतातल्या धाकट्या शहरानं संपवला.

*

आता गुड फ्रायडे. २० एप्रिल १९८४, पुन्हा फोरम, मालिकेतला सहावा सामना, मॉन्ट्रिऑल ३-२नं पुढं.

वाचकांच्या सोयीसाठी एवढंच सांगतो, की आइस हॉकीत २०-२० मिनिटांचे तीन पीरियड असतात आणि या लीगमध्ये हातघाईवर आलेल्या खेळाडूला एरवी सामन्याबाहेर काढत नाहीत. पाच मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये बसवतात. मारामारीला शिक्षा आहे आणि मुभाही आहे. प्रकरण फारच हाताबाहेर गेलं तर मात्र रेफ्री बाहेरचा रस्ता दाखवतो.

दुसरा पीरियड संपायला आला तेव्हा क्युबेक १-० पुढं होतं. मॉन्ट्रिऑलच्या गोलपाशी डेल हंटर आणि गी कार्बोनो एकमेकांत गुंतले, भोंगा वाजला, आणि सुटीसाठी आत जाण्याऐवजी दोन्ही बाकांवरचे खेळाडू बर्फावर उतरले. त्या काळच्या चित्रफितीत दिसतं ते असं: कॅमेरा एका जोडीवर थांबतो न थांबतो तोच चौकटीच्या कडेला दुसरी जोडी येते. हातमोजे आणि स्टिका सगळीकडे विखुरलेल्या. मॉन्ट्रिऑलच्या मारियो ट्रॅम्ब्लेनं पीटर स्टास्ट्नीचं नाक फोडलं. क्युबेकच्या लुई स्लेगरनं जाँ हॅमेलला एक ठोसा लगावला आणि हॅमेल बेशुद्ध होऊन बर्फावर आडवा झाला. राखीव गोलरक्षकही मागं राहिले नाहीत.

यात सर्वांत विचित्र चित्र हंटर बंधूंचं. डेल क्युबेकचा, त्याचा धाकटा भाऊ मार्क मॉन्ट्रिऑलचा. दोघं सख्खे भाऊ त्या गर्दीत एकमेकांसमोर आले. भाऊबंदकी हा शब्द मी वर वापरला तो नुसता उपमा म्हणून नव्हे.

संघ अखेर आत गेले. इथं रेफ्री ब्रूस हूड यांच्याकडून जे झालं त्यावर आजही वाद होतो. कुणाला बाहेर काढलं हे खेळाडूंना सुटीतच कळायला हवं होतं. ते कळलं नाही. सगळे तिसऱ्या पीरियडसाठी बर्फावर आले, हॅमेलला लोळवणारा स्लेगरही आला, आणि तेव्हा लाउडस्पीकरवरून बाहेर काढलेल्यांची नावं वाचायला सुरुवात झाली. ज्यांना आता जायचंच होतं त्यांना गमावण्यासारखं काय उरलं? मॉन्ट्रिऑलचे खेळाडू स्लेगरवर धावून गेले आणि सगळं पहिल्यापासून सुरू झालं. एकूण २५२ मिनिटांच्या पेनल्ट्या, दहा खेळाडू बाहेर. कॅथलिक प्रांतात, गुड फ्रायडेच्या रात्री.

बाहेर गेलेल्यांत क्युबेकचे पीटर स्टास्ट्नी आणि डेल हंटर होते, म्हणजे संघाचा कणाच. क्युबेकनं दुसरा गोल करून २-० केलं खरं, पण मग मॉन्ट्रिऑलनं ओळीनं पाच गोल केले. सामना ५-३, मालिका मॉन्ट्रिऑलची. हूड त्या हंगामानंतर निवृत्त झाले. मारामारीचीच आठवण सांगितली जाते, पण तो सामना ठोशांनी नाही, बाहेर काढलेल्यांच्या यादीनं फिरवला असं माझं मत.

१९८५मध्ये परतफेड झाली. सातवा सामना, फोरम, ओव्हरटाइम, आणि गोल करणारा पीटर स्टास्ट्नी. १९८७ला पुन्हा गाठ पडली. पाचव्या सामन्यात २-२ बरोबरी असताना शेवटची तीनेक मिनिटं उरली होती. क्युबेकच्या अ‍ॅलँ कोतेनं चकती (पक) जाळ्यात मारली, आणि रेफ्री केरी फ्रेझरनं गोलरक्षकाला अडथळा झाल्याचं सांगून गोल नाकारला. थोड्याच वेळात मॉन्ट्रिऑलच्या रायन वॉल्टरनं गोल केला. मालिका मॉन्ट्रिऑलनं सात सामन्यांत जिंकली. क्युबेक शहरात कोतेच्या गोलाची चर्चा अजून संपलेली नाही. तिथल्या एखाद्या पन्नाशीतल्या माणसापुढं हा विषय काढायचा असेल तर हाताशी दुपार मोकळी ठेवावी.

*

क्युबेक-मॉन्ट्रिऑल इतकं गाजलं की बोस्टन-मॉन्ट्रिऑल मागं पडतं, आणि वेळापत्रकाचा प्रताप तर तिथंच जास्त दिसतो. १९८४ ते १९९२, सलग नऊ वर्षं हे दोन संघ प्लेऑफमध्ये एकमेकांसमोर आले. एकदाही चुकलं नाही.

पहिली चार वर्षं मॉन्ट्रिऑलची. १९८४ला बोस्टन १०४ गुणांनी डिव्हिजनमध्ये पहिलं, मॉन्ट्रिऑल ७५ गुणांनी चौथं, आणि मॉन्ट्रिऑलनं बोस्टनला तीन सामन्यांत गुंडाळलं. १९८५च्या निर्णायक सामन्यात शेवटच्या मिनिटाला मॅट्स नॅसलंडनं एकमेव गोल केला. दुखणं जुनं होतं: १९४६पासून १९८७पर्यंत बोस्टन मॉन्ट्रिऑलशी १८ मालिका ओळीनं हरलं होतं. त्यातली १९७९ची तर बोस्टनच्या माणसाला झोपेत आठवते. सातव्या सामन्यात पुढं असताना, शेवटच्या तीन मिनिटांत बर्फावर एक खेळाडू जास्त उतरवल्याबद्दल पेनल्टी झाली, गी लाफ्लरनं त्यावर बरोबरी साधली आणि ओव्हरटाइममध्ये मॉन्ट्रिऑलनं सामना नेला. प्रशिक्षक डॉन चेरींची नोकरी गेली. १९८८ साली बोस्टननं ४-१नं मालिका जिंकली तेव्हा मॉन्ट्रिऑलवरच्या आधीच्या मालिका-विजयाला ४५ वर्षं झाली होती. मग १९८९ मॉन्ट्रिऑलचं, आणि १९९०, ९१, ९२ बोस्टनचं.

बोस्टन गार्डनचं रिंकही नेहमीच्या २०० फुटांपेक्षा नऊएक फुटांनी आखूड होतं. जागा कमी, टक्कर जास्त. बोस्टननं संघ बांधला तो त्या जागेला साजेसा, दणकट. बफेलोचंही तसंच, तिथलंही रिंक आखूड. वेगवान स्केटिंगवर जगणाऱ्या मॉन्ट्रिऑलला वर्षातून आठ सामने या दोन खुराड्यांत खेळावे लागत.

आणि हार्टफोर्ड? कनेक्टिकटची ही राजधानी विमा कंपन्यांसाठी प्रसिद्ध. संघाचं स्टेडियम एका मॉलला जोडलेलं. १९७८च्या जानेवारीत बर्फाच्या भारानं त्याचं छत कोसळलं. काही तासांपूर्वीच तिथं बास्केटबॉलचा सामना पाहून हजारो लोक घरी गेले होते, म्हणून कुणाला इजा झाली नाही. या संघाकडून गॉर्डी हाव वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत खेळला, आपल्या दोन मुलांच्या सोबतीनं. गोल झाला की ‘ब्रास बोनान्झा’ नावाची भोंग्या-ट्रंपेटची धून वाजायची, जी प्रतिस्पर्ध्यांना ठार वेडं करायची.

मोठ्या लीगमधल्या १८ वर्षांत हार्टफोर्डनं प्लेऑफची एकच मालिका जिंकली: १९८६ला, क्युबेकविरुद्ध, तीन-शून्य. पुढच्या फेरीत मॉन्ट्रिऑलला त्यांनी सातव्या सामन्याच्या ओव्हरटाइमपर्यंत खेचलं आणि क्लॉड लेम्यू नावाच्या नवख्या पोरानं त्यांना घरी पाठवलं. हार्टफोर्डकरांनी हरून आलेल्या संघाची शहरातून मिरवणूक काढली. बोस्टनवाल्यांनी यावर खूप खिल्ली उडवली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. मॉन्ट्रिऑलनं त्या वर्षी कप जिंकला, वीस वर्षांचा गोलरक्षक पॅट्रिक रॉय प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि त्या संघाला सर्वांत जास्त दमवलं होतं ते हार्टफोर्डनं.

*

शेवटचा हंगाम १९९२-९३. ओटावा सेनेटर्स हा नवा सहावा संघ अ‍ॅडम्समध्ये आला. पहिल्याच सामन्यात त्यांनी मॉन्ट्रिऑलला ५-३ हरवलं. त्यानंतर काय झालं ते हंगामाच्या बेरजेत आहे: १० विजय, ७० पराभव, ४ बरोबरी. दुसऱ्याच्या मैदानावर ते ओळीनं ३८ सामने हरले. वरच्या टोकाला बोस्टन १०९ गुण, क्युबेक १०४, मॉन्ट्रिऑल १०२.

पहिल्या फेरीत चौथ्या आलेल्या बफेलोनं बोस्टनला चार सामन्यांत झाडून टाकलं. चौथ्या सामन्याच्या ओव्हरटाइममध्ये पॅट लाफाँतेननं बर्फावर पडल्या पडल्या पास दिला, ब्रॅड मेनं बोस्टनच्या रे बोर्कला चकवून गोल मारला, आणि समालोचक रिक जेनरे त्या खेळाडूच्या आडनावावरून ‘मे डे! मे डे!’ असं घसा फुटेपर्यंत ओरडले. बफेलोनं दहा वर्षांनी मालिका जिंकली होती. पुढच्याच फेरीत मॉन्ट्रिऑलनं त्यांना चार सामन्यांत बाहेर काढलं, चारही ४-३.

मॉन्ट्रिऑल तिथवर आलं होतं ते क्युबेकला हरवून. पहिले दोन सामने क्युबेकनं जिंकले, नंतरचे चार मॉन्ट्रिऑलनं, त्यातले दोन ओव्हरटाइममध्ये. तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही: त्या प्लेऑफमध्ये मॉन्ट्रिऑलनं ओव्हरटाइमचे ओळीनं दहा सामने जिंकले. ९ जूनला लॉस एंजेलिसला हरवून कप घेतला. त्यानंतर २०२५पर्यंत कॅनडातल्या कुठल्याही संघानं स्टॅनले कप जिंकलेला नाही.

१९९३च्याच फेब्रुवारीत लीगला नवे आयुक्त मिळाले होते, गॅरी बेटमन, बास्केटबॉलच्या लीगमधून आलेले. नव्या प्रेक्षकाला अ‍ॅडम्स कोण नि पॅट्रिक कोण काय कळणार, असा हिशेब झाला आणि चारही नावं गेली. अ‍ॅडम्सची झाली नॉर्थईस्ट. प्लेऑफची पद्धतही बदलली. डिव्हिजन कुठलीही असो, लीगच्या प्रत्येक अर्ध्या भागातून गुणांप्रमाणे आठ संघ. १९८६च्या बफेलोला जो न्याय हवा होता तो हाच. न्याय मिळाला, पण दरवर्षी ठरलेली भेट गेली.

बांध मोडला आणि मग भाऊही परगावी गेले. खेळाडूंचे पगार अमेरिकी डॉलरमध्ये, तिकिटांचे पैसे घसरत्या कॅनेडियन डॉलरमध्ये, स्टेडियम जुनं आणि सरकार पैसे द्यायला नाखूश. १९९५च्या मेमध्ये नॉर्डिक्स विकले गेले आणि डेन्व्हरला जाऊन कोलोरॅडो अ‍ॅव्हलांच झाले.

त्याच डिसेंबरात डेट्रॉइटविरुद्धच्या घरच्या सामन्यात पॅट्रिक रॉयवर नऊ गोल झाले तरी मॉन्ट्रिऑलच्या प्रशिक्षकानं त्याला बदललं नाही. शेवटी बाहेर आलेल्या रॉयनं बाकामागं बसलेल्या अध्यक्षांना जागीच सांगितलं, की मॉन्ट्रिऑलसाठी हा माझा शेवटचा सामना. चार दिवसांत त्याला देऊन टाकलं, कोलोरॅडोला. तोच संघ सहा महिन्यांपूर्वीसारखा अजून क्युबेकमध्ये असता तर मॉन्ट्रिऑलच्या कुठल्या व्यवस्थापकाची ही सही करायची छाती झाली असती? जून १९९६मध्ये रॉयच्या जोरावर त्या संघानं कप जिंकला. क्युबेक शहरानं तो टीव्हीवर पाहिला. रॉयला बर्फावर ठेवणारा प्रशिक्षक होता मारियो ट्रॅम्ब्ले, १९८४ला स्टास्ट्नीचं नाक फोडणारा. क्युबेक शहरात २०१५ला सरकारी पैशातून सुमारे १८ हजार आसनांचं नवं स्टेडियम उभं राहिलं. मोठ्या लीगचा संघ त्याला अजून मिळालेला नाही.

हार्टफोर्डनं शेवटचा सामना १३ एप्रिल १९९७ला जिंकला आणि संघ नॉर्थ कॅरोलायनाला गेला. तिथं तो कॅरोलायना हरिकेन्स या नावानं खेळतो. २३ डिसेंबर २०१८च्या रात्री हरिकेन्सनी राली शहरात व्हेलर्सची हिरवी जर्सी चढवली, ब्रास बोनान्झा वाजवलं, आणि पाहुणा संघ कोण, तर बोस्टन. जर्सी विक्रीलाही होत्याच. आठवणींचा धंदा बरा चालतो, फक्त आठवणी ज्यांच्या आहेत त्यांच्या गावात तो करावा लागत नाही. हार्टफोर्डच्या त्याच स्टेडियममध्ये आता वुल्फ पॅक नावाचा दुय्यम लीगमधला संघ खेळतो आणि त्याचे खेळाडू तयार झाले की न्यूयॉर्क रेंजर्स त्यांना घेऊन जातात. रेंजर्स म्हणजे, जुन्या हिशेबानं, पॅट्रिक डिव्हिजन.